टेप लायब्ररीशी संपर्क तुटला? आधी ड्राइव्ह बघा

लहान एलटीओ लायब्ररीत (बॅकअपच्या टेप ठेवणाऱ्या यंत्रात) टेप उचलणाऱ्या रोबोला बहुधा स्वतंत्र केबल नसते. त्याचे आदेश टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ड्राइव्हमधूनच जातात: ड्राइव्ह लन ०, रोबो लन १ (लन म्हणजे एकाच जोडणीवरच्या उपकरणाचा क्रमांक). म्हणून ‘रोबो सापडत नाही’ असं दिसलं की लगेच रोबो उघडू नका.

लिनक्सवर ‘एलएसएससीएसआय’ (lsscsi, जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारा आदेश) चालवा. ‘टेप’ (ड्राइव्ह) आणि ‘मीडियमएक्स’ (रोबो), दोन्ही ओळी नसतील तर केबल, एचबीए (सर्व्हरमधलं जोडणीचं कार्ड) किंवा ड्राइव्हची वीज तपासा. सॅस केबल (ड्राइव्ह आणि सर्व्हर जोडणारी) खटका वाजेपर्यंत आत गेलेली असावी. अर्धवट बसलेली केबल तासन्‌तास नीट चालते आणि ऐन बॅकअपमध्ये दगा देते. फक्त ‘टेप’ दिसत असेल, तर कार्ड रेडचं (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) आहे का बघा. अशी अनेक कार्डं लन १ कडे बघतच नाहीत. साधा सॅस एचबीए लावा. कार्ड ठीक असेल, तर लायब्ररीच्या पॅनेलवर त्या ड्राइव्हचा कंट्रोल पाथ (रोबोचे आदेश जाण्याचा मार्ग) चालू आहे ना, हे तपासा.

पॅनेलच ड्राइव्हशी संपर्क नसल्याचं सांगत असेल तर दोष आतल्या जोडणीत. ड्राइव्ह बंद करून स्लेड (ड्राइव्हचा सरकता ट्रे) बाहेर काढा, कनेक्टरच्या पिना पाहा, पुन्हा घट्ट बसवा. दोन ड्राइव्ह असतील तर अदलाबदल करा: त्रुटी ड्राइव्हबरोबर सरकली तर ड्राइव्ह खराब, जागेवरच राहिली तर लायब्ररीची बाजू.

सुरू करताना आधी लायब्ररी. ती तयार झाली की मगच सर्व्हर.