आधी हात आणि तोंड, मग तबला

"एका जागी बसतच नाही हो" असं सांगून आईवडील मुलाला माझ्या क्लासला घालतात. अशा मुलाला मी सुरुवातीला तबल्याला हात लावू देत नाही. आधी हातावर ताल धरायचा आणि तोंडाने म्हणायचा; हे घरीही जमेल. फोनवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टकटक करणारं अ‍ॅप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, मुलाला समोर मांडी घालून बसवा आणि दोघं मिळून हातावर तीनताल धरा.

या तालाच्या मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, 16. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला काल, म्हणजे टाळी न देता हात बाजूला उलटा करायचा. मधल्या मात्रा करंगळी, अनामिका, मधलं बोट अशा मोजायच्या. आधी आकडे म्हणा, ते बसले की बोल, म्हणजे तबल्याची अक्षरं: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.

या लयीत एक आवर्तन, म्हणजे 16 मात्रांचा एक फेरा, 16 सेकंदांचं होतं. चंचल मुलाला तेवढंही लांब वाटतं. कालेपाशी नजर खिडकीकडे जाते आणि हात टाळी देऊन मोकळा होतो. रागावू नका, थांबूही नका. तुमचा हात चालू ठेवा, पोर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येऊन मिळतं.

लय पळायला लागली तर मेट्रोनोम 50 वर आणा. संथ लय सांभाळणं जास्त अवघड, आणि लक्षाची खरी मेहनत तिथंच होते. पालक वेग वाढवण्याची घाई करतात, ती मला अजिबात पटत नाही.

मग दुगुन. हात तसाच, तोंडाने दुप्पट: धाधिं धिंधा धाधिं धिंधा. तोंडामागे हातही पळू लागतो, म्हणून सुरुवातीला एवढ्या चारच मात्रा घोटून घ्या.

हे बसलं की एक आवर्तन आवाज बंद करा, स्क्रीनवर फक्त तुम्ही बघा, आणि समेला आवाज पुन्हा सोडा. मूल बरोबर समेवर आलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो!

रोज दहा मिनिटं पुरे. अभ्यासात, वागण्यात फारच अडत असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. तालाचा सराव हा त्यावरचा उपचार नव्हे.

पुढे चालत रूपक ताल घ्या: तीं तीं ना, धी ना, धी ना. दर मात्रेला एक पाऊल, समेला काल, चौथ्या-सहाव्या मात्रेला टाळी. मात्रा सात असल्यामुळे सम एकदा उजव्या पायावर येते, एकदा डाव्या.