सेलिब्रिटींच्या वेडावर बडग्या कसा रचावा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारीच्या गर्दीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे अनिष्ट घालवण्यासाठी मिरवले जाणारे स्त्रीरूपी पुतळे, निघतात, तेव्हा त्यांच्यासोबत वर्षभरातील पीडांचे बडगे, म्हणजे उपहासाचे पुतळेही निघतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. मारबतींचे रूप ठरलेले असते. बडग्याचा विषय मात्र मंडळाने दरवर्षी नव्याने शोधावा लागतो. महागाई आणि भ्रष्टाचार यांवर बडगे पुष्कळ होतात. प्रसिद्ध माणसांमागे धावण्याचे आपले वेडही तितकेच मिरवण्याजोगे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आषाढापासूनच वर्तमानपत्रांतील विचित्र आणि गमतीदार बातम्यांची कात्रणे जमवावीत. एखादी बातमी केवळ मोबाइलवर पुढे ढकलली जात असेल आणि कोणत्याही विश्वसनीय वर्तमानपत्रात तिचा मागमूस नसेल, तर ती कितीही मजेदार असली तरी सोडून द्यावी, कारण हल्ली प्रसिद्ध चेहऱ्यांच्या बनावट चित्रफिती सहज तयार होतात. उरलेल्या कात्रणांतून निवड करताना एकच प्रश्न विचारावा: हसू कोणाचे येते? ते एखाद्या नटीच्या वजनाचे, कोणाच्या मोडलेल्या संसाराचे किंवा आजाराचे येत असेल, तर तो विषय बडग्याचा नाही. हसू आपल्या वेडाचे येत असेल, तर विषय पक्का समजावा.

उदाहरणार्थ, सीताबर्डीवर एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला नट येतो, रस्ता तासभर अडतो आणि जमलेले सगळे लोक हात उंचावून त्याला फोनच्या पडद्यावरच पाहतात. येथे नटाचा पुतळा करण्याची गरज नाही. डोक्याच्या जागी भला मोठा फोन, दोन्ही बाजूंना उंचावलेले दहा-बारा हात आणि पोटाशी घट्ट पट्टी बांधलेले डोळे, एवढ्यावर बडग्या बोलू लागतो. जिवंत व्यक्तीचा हुबेहूब चेहरा टाळल्यास विनोद अधिक व्यापक होतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील मानहानीचा प्रश्नही सहसा उद्भवत नाही.

जाहिरातींचा विषय याहून सकस आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एका हातात वस्तू, दुसऱ्या हातात नोटांची थैली आणि तोंडाला कुलूप असा बडग्या केला, तर लोक हसतात आणि कायद्याची माहितीही घेऊन जातात. चौकाच्या नावाची पाटी झाकून टाकणारे वाढदिवसाचे फलक आणि त्यांवरील गल्लीतले ‘सेलिब्रिटी’ हेही दुर्लक्षू नयेत; तेथे चेहऱ्याच्या जागी आरसा लावावा.

सांगाडा बांबूचा करावा, आत तणस भरावे आणि वरून खळीने कागद चिकटवावा. भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी पाऊस येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून पाण्याने ओघळणारे रंग वापरू नयेत. उंची ठरवण्यापूर्वी मिरवणुकीच्या वाटेवरील विजेच्या तारा प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात.

फलकावर सर्वाधिक मेहनत घ्यावी. गर्दीत उभ्या असलेल्या माणसासमोरून बडग्या काही क्षणांत पुढे सरकतो, त्यामुळे सहा-सात शब्दांपेक्षा लांब ओळ वाचली जात नाही. ‘अंगठा झिजला, दर्शन झाले नाही’ किंवा ‘स्वतः खात नाही, जगाला खाऊ घालतो’ अशी ओळ ठळक अक्षरांत लिहावी आणि खाली परंपरेची हाक जोडावी: ‘घेऊन जा गे मारबत!’ ओळ मंडळातील लहान मुलाला आणि आजीला वाचून दाखवावी. समजावून सांगावे लागले, तर ती बदलावी. नावे, जात, धर्म किंवा वस्ती यांवरची कोटी कितीही टाळ्या घेणारी वाटली, तरी ती फलकावर येऊ देऊ नये.

शेवटी बडग्याचे दहन होते, त्यामुळे प्लास्टिकचा फलक, थर्माकोल, आरसा आणि दिव्यांचे सेल सहज सुटतील अशाच गाठींनी बांधावेत आणि आग लावण्यापूर्वी ते आठवणीने काढून घ्यावेत.