दाताच्या एनॅमलचं ईपीआर करताय? या चुका टाळा

ईपीआर म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स. किरणोत्साराने एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरात, तयार झालेले रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेले अणुगट) चुंबकक्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून मोजायचे आणि त्यावरून माणसाला किती किरणोत्सार, म्हणजे डोस, बसला ते काढायचं. अशा प्रकल्पासाठी दात हवेत म्हणून पुण्यातले विद्यार्थी पेठापेठांतले दवाखाने पालथे घालतात आणि मिळेल तो दात डबीत टाकतात. पहिली चूक तीच. पुढच्या दातांवर ऊन पडतं आणि अतिनील किरणांनीही एनॅमलमध्ये गॅमा किरणांसारखेच रॅडिकल तयार होतात. म्हणून दाढाच घ्या. दाढ कोणती, माणसाचं वय किती, दातांचे एक्स-रे किती काढले, हे डबीवर तिथल्या तिथे लिहा. कमी ऊर्जेचा एक्स-रे एनॅमल जास्त शोषतं, त्यामुळे नोंद नसेल तर डोस उगाच फुगतो.

खरी वाट लागते ती दात कापताना. किरणांचा सिग्नल जी-मूल्य (वर्णपटात सिग्नल कुठे आहे ते सांगणारा आकडा) 2.0018 ला असतो आणि दाताचा मूळचा, किरणांशिवायही दिसणारा रुंद सिग्नल 2.0045 जवळ, दोघे एकमेकांवर चढतात. एनॅमलखालचा थर, म्हणजे डेंटिन, चिकटून राहिलं की मूळचा सिग्नल वाढतो. बर (दात कापायच्या ड्रिलचं टोक) कोरडा आणि जोरात फिरवला की उष्णतेने आणि घर्षणाने आणखी भलतेच सिग्नल उठतात. वेग कमी ठेवा, पाणी सोडत राहा. डेंटिन उरलंय का ते अतिनील टॉर्चखाली कळतं, ते जास्त चमकतं. पण टॉर्च क्षणभरच, वर सांगितलेलं कारण इथेही लागू आहे! एनॅमल पिठासारखं कुटू नका, बारीक भुकटीत मूळचा सिग्नल बळावतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सिग्नल अचानक पडला, तर यंत्राला दोष देण्याआधी नमुना नीट वाळवा. पाणी मायक्रोवेव्ह खातं. सोबत मँगनीजचा मार्कर, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला ओळखीचा नमुना, असला तर फरक लगेच कळतो.

नमुन्याची नळी यंत्रातून काढून पुन्हा घातल्यावर आकडा बदलतोय? कणांच्या दिशेचा परिणाम असतो. नळी वळवून वेगवेगळ्या कोनांत मोजा आणि सरासरी घ्या.

डोस चक्क ऋण आला, तर मूळचा सिग्नल जास्त वजा झालाय. मायक्रोवेव्ह शक्ती फारच कमी ठेवली असेल तर थोडी वाढवून बघा. मूळचा सिग्नल आधी संपृक्त होतो, म्हणजे शक्तीच्या मानाने वाढेनासा होतो, किरणांचा त्या मानाने उठून दिसतो. मात्र सगळ्या नमुन्यांना शक्ती एकच हवी.

सिग्नलवरून डोस काढता यावा म्हणून नमुन्याला कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांखाली माहीत असलेला वाढीव डोस दिल्यावर नळी लगेच यंत्रात घालायची घाई नको. अल्पायुषी रॅडिकल विरायला काही दिवस जाऊ द्या.