दिव्यांग हक्कांचा कायदा शोधताना या चुका टाळा

‘खाजगी कंपन्यांनाही आता 4 टक्के आरक्षण सक्तीचं’ असा मेसेज ग्रुपवर आला, तर पुढे ढकलण्याआधी कलम विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 34 मधलं किमान 4 टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे. खाजगी मालकांसाठी कलम 35 आहे, आणि त्यात सक्ती नाही, प्रोत्साहन आहे. म्हणून कंपनी मोकळी सुटत नाही. कलम 21 नुसार तिला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. एचआरकडे हेच मागा.

‘अपंगत्वाचे 7 प्रकार’ किंवा ‘नोकरीत 3 टक्के’ असं लिहिलेलं पान सरळ बंद करा. तो 1995 चा रद्द झालेला कायदा. 19 एप्रिल 2017 पासून नवा लागू आहे आणि त्यात 21 प्रकार आहेत. मूळ मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर वाचा. इंग्रजीत शोधताना अमेरिकेचा 1990 चा कायदाही समोर येतो. तो वांद्र्याच्या कॉलेजात दाखवून काही मिळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या, फोटोंत. पानाचा खालचा भाग कापलेला असतो, आणि नेमका शेवटच्या परिच्छेदात संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख: 20180615 ने सुरुवात असेल तर 15 जून 2018. हा संकेतांक राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाका. जीआर सापडला तरी थांबू नका. त्याच विषयावरचे नंतरचे जीआर आणि शुद्धिपत्रकं उघडून ‘अधिक्रमित’ हा शब्द शोधा. जुना निर्णय तिथेच मोडीत निघालेला असतो. विषयाच्या चौकटीत ‘दिव्यांग’ आणि ‘अपंग’ दोन्ही शब्द टाकून पाहा. जुन्या कागदांत ‘अपंग’च आहे.

‘अपंगत्व 40 टक्क्यांखाली असेल तर काहीच मिळत नाही’ हेही अर्धवट. आरक्षणाला 40 टक्के लागतात, भेदभावाविरुद्धच्या संरक्षणाला लागत नाहीत. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठीही 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं.

या कायद्याखालच्या 2017 च्या नियमांची जुनी पीडीएफ वापरत असाल तर नियम 15 जपून वाचा. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण सुगम्यतेचे (इमारती, सेवा दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येण्याचे) निकष त्यात नुसत्या शिफारशींसारखे उरले होते.

एवढं करूनही जीआर सापडला नाही, तर मंत्रालयातल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका: फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक विषयावर आज लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत’ एवढंच मागा.