छोट्या ट्रॅक्टरवर लाकूड चिपर कसा चालवावा

छाटलेल्या फांद्यांचा ढीग पेटवून देण्यापेक्षा त्याच्या ढलप्या करून जमिनीला परत देणं केव्हाही चांगलं. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा चिपर हे काम झपाट्याने करतो. मात्र तो चालवण्याआधी त्याच्या पोटात काय चालतं ते समजून घ्या, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी त्यातूनच येते.

बहुतेक छोट्या चिपरमध्ये एक जड पोलादी चकती असते. मध्यम आकाराच्या यंत्रातही तिचं वजन 50 किलोच्या आसपास भरतं. चकतीवर पाती बसवलेली असतात आणि त्यांच्या समोर, यंत्राच्या अंगाला, एक स्थिर पातं. या दोहोंमध्ये लाकूड सापडलं की ढलपी निघते. कापण्याचा जोर त्या फिरत्या चकतीत साठलेला असतो. ट्रॅक्टर फक्त तिचा वेग टिकवून धरतो. म्हणूनच चिपर सावकाश वेग घेतो, पूर्ण वेगात आला की मनगटाएवढी फांदी सहज ओढून घेतो, आणि बंद केल्यावर लगेच थांबत नाही. इंजिन बंद झालं तरी चकती मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ फिरत राहते. आवाज उतरलेला असतो, म्हणून यंत्र थांबलं असं वाटतं. सर्वात जास्त सावध राहायचं ते याच वेळी.

ट्रॅक्टर आणि चिपरची जोडी

चिपरच्या माहितीपुस्तिकेत किती एचपीचा ट्रॅक्टर चालेल ते दिलेलं असतं. हा आकडा पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) मिळणाऱ्या एचपीशी ताडून पाहा. तो इंजिनच्या एचपीपेक्षा कमीच असतो. छोटे चिपर साधारणपणे 540 आरपीएमच्या (मिनिटाला 540 फेरे) पीटीओसाठी बनवलेले असतात. तुमच्या ट्रॅक्टरला 540 शिवाय दुसरा वेगही असेल, तर लिव्हर योग्य जागी आहे ना, हे आधी बघा.

आणखी एक गोष्ट तपासा. काही ट्रॅक्टरांचा पीटीओ गिअरबॉक्सच्या मार्गाने चालतो. अशा ट्रॅक्टरवर फिरती चकती उलट ट्रॅक्टरलाच जोर लावते. तो गिअरमध्ये असेल तर क्लच दाबूनही पुढे सरकू शकतो. त्यासाठी पीटीओवर एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग क्लच बसवावा लागतो. गिअरबॉक्सशी न बांधलेला, स्वतंत्र पीटीओ असेल तर ही अडचण येत नाही.

जोडणी

चिपर सपाट, घट्ट जमिनीवर ठेवा. ट्रॅक्टर सरळ मागे घ्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा आणि मगच खाली उतरा. आधी दोन्ही लोअर लिंक (ट्रॅक्टरमागचे खालचे दोन दांडे), मग टॉप लिंक (वरचा दांडा) जोडा, आणि प्रत्येक पिनला ती निसटू नये म्हणून लिंच पिन घाला. मागे दोन-तीनशे किलोंचं ओझं आलं की छोट्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी पडतात, तेव्हा पुढे वजनं लावून घ्या.

आता पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरचा जोर चिपरला पोचवणारा, एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्यांचा दांडा. नवीन शाफ्ट बऱ्याचदा गरजेपेक्षा लांब येतो. आधी तो न बसवता, चिपर वर-खाली करून दोन्ही टोकांमधलं सर्वात कमी आणि सर्वात जास्त अंतर मोजा. अंतर सर्वात कमी असतानाही दोन नळ्या एकमेकींत पूर्ण आपटता कामा नयेत, नाहीतर गिअरबॉक्सवर आणि बेअरिंगवर जोर येतो. अंतर सर्वात जास्त असताना निदान एक तृतीयांश लांबी एकमेकींत राहायला हवी. कापावं लागलं तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींची प्लास्टिकची आवरणं सारखीच कापा, कडा कानसीने साफ करा, ग्रीस लावा. शाफ्ट चढवल्यावर दोन्ही टोकांची कडी खटकन बसली का, हे ओढून पाहा. आवरणाची साखळी अडकवा. ते आवरण शाफ्टबरोबर फिरू नये. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला 9 फेरे. बाहीचा धागा जरी त्यात सापडला तरी हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. फुटलेल्या आवरणाचा शाफ्ट वापरायचाच नाही.

कपडे आणि जागा

गॉगल, कानांना मफ, जाड तळाचे बूट, अंगाला बसणारी पूर्ण बाही. हातमोजे घालायचे तर घट्ट बसणारे. रुंद मनगटाचा हातमोजा फांदीच्या काटक्यांत अडकतो आणि फांदीबरोबर हातही आत ओढला जातो. मफलर, ओढणी, कडं, अंगठी काढून ठेवा, मोकळे केस बांधा.

ढलप्यांची नळी वारा जिकडे वाहतो त्या दिशेला आणि माणसांपासून दूर वळवा. त्या बाजूला कुणीही उभं राहू नये, आणि ट्रॅक्टर व चिपरच्या मधल्या जागेतून तर कुणी जाऊच नये. मुलं आणि जनावरं लांब ठेवा.

फांद्यांची तयारी

या पायरीला लोक सर्वात कमी वेळ देतात, आणि दिवसभराचं काम इथेच सोपं किंवा अवघड होतं. ढीग चिपरजवळ रचताना प्रत्येक फांदीचं जाड टोक यंत्राकडे ठेवा. आडव्या-तिडव्या टाकलेल्या फांद्या सोडवण्यातच दम निघतो. दुबेळक्या असलेल्या फांद्या बेळक्यापाशी छाटून सरळ करा. तार, खिळे, सुतळी, प्लास्टिक बाजूला काढा. मुळासकट उपटलेली झुडपं घालू नका. मुळांतली माती आणि खडे पात्यांची धार थोड्याच वेळात मारतात. ओलं लाकूड वाळलेल्यापेक्षा मऊ कापलं जातं, म्हणून छाटणीनंतर लवकर काम उरकलेलं बरं. नुसत्या ओल्या पाल्याने मात्र नळी तुंबते. पाला आणि फांद्या आलटून पालटून घाला. बांबू किंवा झावळ्यांसारख्या चिवट गोष्टींच्या सालपट्या गुंडाळल्या जातात, त्या थोड्या थोड्या द्या.

प्रत्यक्ष काम

चिपर पूर्ण खाली, जमिनीवर टेकवा, म्हणजे शाफ्ट शक्य तितका सरळ राहतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. इंजिन कमी वेगावर ठेवूनच पीटीओ लावा. भरधाव इंजिनवर लावला तर जड चकतीचा सगळा धक्का क्लचला किंवा शिअर बोल्टला (जास्त जोर आल्यावर आधी तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) बसतो. चकती फिरू लागली की इंजिनचा वेग सावकाश वाढवून 540 च्या खुणेवर आणा. नेहमीपेक्षा वेगळी खडखड किंवा थरथर जाणवली तर तिथेच थांबवा.

हॉपरच्या (फांद्या घालायच्या तोंडाच्या) समोर उभं राहू नका, बाजूला उभे राहा. जाड टोक आधी आत सरकवा, पात्यांनी पकड घेतली की फांदी सोडून द्या आणि मागे व्हा. फांदी आत जाताना झटक्याने बाजूला फिरते, शेंड्याचा फटका तोंडावर बसू शकतो. आखूड तुकडे हाताने ढकलायचे नाहीत. लांब फांदीच्या वर ठेवून सोडा किंवा लाकडी काठीने ढकला. काठीच आत गेली तर बिघडत नाही, लोखंडी फावडं किंवा दाताळं गेलं तर पाती फुटतील. पाय तर कधीच वापरू नका.

इंजिनचा आवाज दबला की नवी फांदी घालणं थांबवा, वेग परत येऊ द्या. फांदी आत ओढणाऱ्या हायड्रॉलिक रोलरचा चिपर असेल तर रोलर थांबवण्याचा आणि उलटा फिरवण्याचा दांडा काम सुरू करण्याआधी चालवून पाहा. एका वेळी एकाच माणसाने फांद्या घालाव्यात.

तुंबलं तर

पीटीओ सोडा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि चकती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. कितीही घाई असो, हा क्रम मोडू नका. झाकण उघडल्यावर चकती अडवण्याची पिन असेल तर ती लावा, कारण हाताने हलकी फिरलेली चकतीही बोट कापते. आतला चोथा काठीने काढा, हत्यारं मोजून बाहेर घ्या, पिन काढा, झाकण बोल्टने आवळा. शिअर बोल्ट तुटला असेल तर त्याच मापाचा आणि त्याच प्रतीचा घाला. जास्त मजबूत बोल्ट घातला तर पुढच्या वेळी बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटेल.

थांबवणं आणि देखभाल

शेवटची फांदी गेल्यावर यंत्र थोडा वेळ रिकामं फिरू द्या, नळी साफ होते. मग इंजिनचा वेग कमी करून पीटीओ सोडा. रेडिएटरच्या जाळीवर भुसा साचतो, इंजिन गार झाल्यावर तो झटकून टाका.

ढलप्यांऐवजी भुसा निघू लागला, किंवा फांदी आपोआप ओढली न जाता ढकलावी लागली, की धार गेली असं समजा. पात्यांना दोन्ही बाजूंना धार असेल तर उलटी करून बसवता येतात. सगळी पाती एकदमच बदला किंवा सारखीच घासा, नाहीतर चकतीचा तोल जातो. स्थिर पात्याशी असलेली फट पुस्तिकेत दिलेल्या मापाएवढी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. बेअरिंग आणि शाफ्टच्या क्रॉसना (टोकांच्या सांध्यांना) पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे ग्रीस द्या.

निघालेल्या ढलप्या झाडांभोवती 5 ते 10 सेंटीमीटर जाडीचं आच्छादन म्हणून पसरा. खोडाला चिकटू देऊ नका, साल कुजते. ताज्या ढलप्या मातीत मिसळू नका. कुजताना त्या मातीतलं नत्र ओढून घेतात. वरवर पसरल्या तर तो त्रास फारसा होत नाही. रोगट फांद्यांच्या ढलप्या मात्र वेगळ्या ठेवा आणि त्याच जातीच्या निरोगी झाडांखाली टाकू नका.