रोम दोघांनी पायी कसं बघावं: एका दिवसाची वाट

रोममध्ये चालायला एकच मोकळा दिवस असेल, तर कोलोसियम आणि व्हॅटिकन त्या दिवसातून काढून टाका. हे सांगताना मलाही जड जातं. पण दोन्हीकडे ठरलेल्या वेळेचं तिकीट, तपासणी आणि रांग. अर्धा दिवस तिथेच जातो आणि उरलेल्या अर्ध्यात दोघांपैकी एक तरी थकून गेलेला असतो. त्यांना वेगळा दिवस द्या. चालायच्या दिवशी स्पॅनिश पायऱ्यांपासून नदीपलीकडच्या त्रास्तेवेरेपर्यंतचा जुना भाग घ्या. नाकासमोर चाललात तर अंतर पाच किलोमीटरच्या आसपास भरतं. गल्लीबोळ धरून दुप्पट समजा.

आदल्या रात्रीची तयारी

दोघांनी प्रत्येकी एकच ठिकाण सांगायचं, जे राहून गेलं तर खरंच चुटपुट लागेल. त्या दोन जागी घड्याळ बघायचं नाही. बाकी सगळं वाटेत जमेल तसं. माझी होती कारावाज्जोची चित्रं, नवऱ्याचं पँथिऑन, म्हणजे घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर. त्याच्या आदल्या प्रवासात आम्ही सतरा ठिकाणांची यादी घेऊन निघालो होतो आणि दुपारपर्यंत दोघांमधलं बोलणंच थांबलं होतं. तेव्हापासून यादी दोनाचीच.

बूट पायाला सरावलेले घ्या. इथले जुने रस्ते काळ्या दगडाच्या लहान चौकोनी ठोकळ्यांचे आहेत. त्यांना सांपिएत्रीनी म्हणतात. मधल्या फटींत टाच अडकते आणि पाऊस पडला की दगड निसरडे होतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी असू द्या. पाण्याची एक रिकामी बाटली पुरते. शहरभर सुमारे २५०० नासोनी आहेत, म्हणजे बाकदार नळाचे ओतीव लोखंडी खांब. त्यांतून थंड, पिण्याजोगं पाणी अखंड वाहत असतं. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते आणि वाकून सहज पिता येतं.

सकाळी सातच्या आत बाहेर

ही एक गोष्ट पाळलीत तर दिवस जिंकलात. स्पॅनिश पायऱ्या १७२५ साली पूर्ण झाल्या. सकाळी त्यांच्यावर कोवळं ऊन आणि चार माणसं असतात. तिथे बसायला मात्र २०१९ पासून मनाई आहे, दंड होतो. वर चढा, थोडं थांबा, उतरा.

तिथून दहा-बारा मिनिटांवर त्रेवी कारंजं. निकोला साल्वीच्या आराखड्याचं हे काम १७६२ साली पुरं झालं, पण त्यात येणारं पाणी त्याहून कितीतरी जुन्या वाटेने येतं: इसवी सनापूर्वी १९ मध्ये रोमन सेनापती अग्रिप्पाने बांधलेल्या जलवाहिनीच्या मार्गाने. सकाळी गर्दी नसते, म्हणून पाण्याचा आवाज ऐकू येतो. उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकायची रीत आहे; जमलेली नाणी गरजूंच्या मदतीसाठी जातात.

न्याहारी उभ्यानेच करा. कॉफी बारच्या फळीपाशी प्यायली तर स्वस्त. टेबलावर बसलात की भाव चढतो. निघण्याआधी तिथलंच स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढे सार्वजनिक फारशी मिळत नाहीत.

पँथिऑनचा परिसर: इथे रेंगाळा

वाटेत सांत इग्नात्सियो चर्च लागतं. आत डोक्यावर घुमट दिसतो, पण तो घुमट नाही. आंद्रेआ पोझ्झोने १६८५ साली सपाट कापडावर रंगवलेला तो देखावा आहे. जमिनीवरच्या खुणेच्या तबकडीवर उभे राहून बघा, मग पुढे चालत जा; चार पावलांत घुमट तिरका होऊन मोडतो. एकाने खुणेवर थांबावं आणि दुसऱ्याने पुढे जावं, मग जागा बदलाव्यात.

पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे. ते आधी ऑनलाइन काढा. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. म्हणूनच आत पाऊल टाकताच एखाद्या पोकळ गोळ्यात शिरल्यासारखं वाटतं. वरचा गोल झरोका उघडाच आहे. पाऊस आत येतो आणि जमिनीतल्या छिद्रांतून निघून जातो. झरोक्यातून पडलेला उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना दिसेपर्यंत तरी बसा. आम्ही पाऊण तास बसलो, फारसं काही बोललो नाही. दिवसातला तो सगळ्यात सुंदर वेळ होता.

लगेच पुढे सान लुइजी देई फ्रांचेझी. बरीच चर्च दुपारी बंद होतात, म्हणून हे बाराच्या आत गाठा. कारावाज्जोने रंगवलेली संत मॅथ्यूची तीन चित्रं डावीकडच्या शेवटच्या उपकक्षात आहेत. प्रवेश मोफत. दिवा लावायला यंत्रात नाणं टाकावं लागतं, म्हणून सुटे युरो ठेवा.

पियाझ्झा नव्होनाचा लांबट आकार डोमिशियन सम्राटाच्या जुन्या क्रीडांगणाचा आहे. मधलं शिल्पकार बेर्निनीचं कारंजं १६५१ चं. त्यात चार नद्या माणसांच्या रूपात बसल्या आहेत: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. गंगेच्या हातात वल्हं आहे. नाईलचं तोंड झाकलेलं, कारण तिचा उगम तेव्हा ठाऊक नव्हता.

दुपार

जेवण चौकात नको, दोन गल्ल्या आत शिरून. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर साधारण साडेबारा ते तीन चालू असतं. बिलात माणशी पावाची थोडी आकारणी दिसू शकते. तो तिथला रिवाज आहे.

जेवणानंतर अर्धा तास वेगळे व्हा. खरंच व्हा. भेटायची जागा ठरवा: कांपो दे फिओरी चौकातला तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रुनोचा पुतळा. १६०० साली त्याला इथेच जाळलं होतं. एकाला सावलीत बसायचं असतं, दुसऱ्याला भटकायचं असतं. दोघांना मिळालं की पुढची चाल हलकी होते. एरवी मागे राहणाऱ्याच्या चालीनेच चाला. नकाशाचा फोन सकाळी एकाकडे असेल तर आता दुसऱ्याकडे द्या. नकाशा धरणाऱ्याला वर बघायला मिळत नाही.

उतरतं ऊन

ज्यू वस्तीतून जाताना पायाखाली बघा. काही दारांसमोर पितळी दगड बसवले आहेत. त्यांवर तिथून नेलेल्यांची नावं आहेत. १६ ऑक्टोबर १९४३ ला नाझींनी या वस्तीतून आणि शहराच्या इतर भागांतून हजारावर ज्यू माणसं पकडून नेली. इथे आवाज आपोआप खाली येतो.

पुढे कॅपिटोल टेकडी. मायकेलअँजेलोने आखलेल्या चौकात चढा आणि मधल्या इमारतीच्या उजवीकडून मागे जा. रोमन फोरमचे, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष पायथ्याशी पसरलेले दिसतात, दूरवर कोलोसियमही. तिकीट लागत नाही. संध्याकाळी तिथला दगड तांबूस होतो.

मग उतरून फाब्रिचिओ पुलावरून तिबेर नदीतल्या बेटावर. हा पूल इसवी सनापूर्वी ६२ चा आहे आणि अजून त्यावरून रोजची ये-जा चालते. पलीकडे त्रास्तेवेरे. सांता मारियाच्या चौकातल्या कारंज्याच्या पायऱ्यांवर बूट सैल करून बसा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी सहसा मिळत नाही, तेव्हा घाई नाही.

परतताना चालायचा हट्ट नको. त्रास्तेवेरेच्या मोठ्या रस्त्यावरून ८ नंबरची ट्राम पियाझ्झा व्हेनेझियाला जाते.