उपटण्याआधी थोडं थांबा

बागेत आपोआप उगवलेलं रोप दिसलं की हात लगेच खुरप्याकडे जातो. पण ओळख पटेपर्यंत त्याला राहू द्यायला हरकत नाही, फक्त फुलावर आलं की लक्ष ठेवा. निर्णय तिथेच घ्यायचा असतो, कारण एकदा बी सांडलं की पुढची कित्येक वर्षं ते मातीत टिकून उगवत राहतं.

गाजर गवत मात्र या सवलतीत बसत नाही. दिसताक्षणी, फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट काढा. त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. लव्हाळा आणि हरळीचं दुखणं वेगळं. लव्हाळा नुसता ओढला तर पात हातात येते आणि गाठी मातीतच राहतात, मग तो पुन्हा फुटतो. म्हणून माती ओली असताना खोल खणून गाठी वेचायच्या. हरळीचे तुकडेही मागे ठेवू नका, प्रत्येक पेरातून नवी मुळं धरतात. असल्या गाठी-तुकडे कंपोस्टात तर मुळीच नकोत.

एकदांडीसारखं रोप कुंपणाकडेला असेल तर मी ठेवते. फुलपाखरं, मधमाश्या येतात, उघडी मातीही झाकली जाते. तेच कोवळ्या भाजीच्या वाफ्यात आलं तर काढते. तिथे पाणी आणि उजेड भाजीलाच हवा. आणि ओळख पटली नसेल तर खाऊन बघण्याचा प्रयोग नको, घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर अनोळखी रोप काढलेलंच बरं.

उपटलेली जागा मोकळी ठेवू नका. वाळलेल्या पाल्याचा जाड थर पसरा, नाहीतर पुढचं तण तिथेच येईल.